एकाच घरातले दोन प्रवेश आणि मध्ये आलेले एक वर्ष

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझी काही समजूत चुकली असेल तर ती तुमच्या लगेच लक्षात येईल. तुम्ही कोल्हापुरात राजारामपुरीत राहता. बी.एस्सी. झाल्यावर दोन वर्षे नोकरी करून तुम्ही इंग्लंडमधील एका विद्यापीठात एम.एस्सी.साठी अर्ज केलात आणि सप्टेंबर २०२६ चा प्रवेश मिळाला. डिपॉझिट भरले आहे, बँकेने शैक्षणिक कर्ज मंजूर केले आहे, व्हिसाचा अर्ज मात्र अजून केलेला नाही. धाकट्या भावाला कॅपच्या, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, दुसऱ्या फेरीत पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात जागा मिळाली असून त्याने फी भरून प्रवेश निश्चित केला आहे. अशातच जूनमध्ये आईच्या आजाराचे निदान झाले, उपचार आठ-दहा महिने चालतील असे डॉक्टरांनी सांगितले, वडिलांना दुकान बंद ठेवणे परवडणारे नाही आणि घरात पाचवे माणूस नाही. त्यामुळे दोघांचेही प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतील का, त्यासाठी अर्ज कसा करावा, आणि आजाराबद्दल बाहेर कोणाला कळू नये अशी आईची इच्छा असताना तो लिहून द्यावाच लागेल का, असे तुम्ही विचारले आहे.

थेट उत्तर असे, की तुमचा प्रवेश पुढे जाण्याची शक्यता चांगली आहे आणि भावाचा प्रवेश पुढे जाऊच शकत नाही. घर एक, कारण एक, तरी उत्तरे दोन. एका महाविद्यालयाच्या प्रवेश विभागात बावीस वर्षे काढून आता परदेशी जाणाऱ्या मुलांचे कागद पाहत असताना मला सर्वांत जास्त गोंधळ याच ठिकाणी आढळतो. पालक 'प्रवेश तेवढा थांबवून ठेवा' एवढेच म्हणतात. पण थांबवून ठेवायचे ते नेमके काय, जागा, भरलेले पैसे, परीक्षेचे गुण की मुलाची मूळ प्रमाणपत्रे, हा विचार झालेला नसतो. या चारही गोष्टींचे नियम वेगळे आहेत आणि मुदतीही वेगळ्या आहेत.

भावापासून सुरुवात करतो, कारण त्याची मुदत आधी संपते. महाराष्ट्रात अभियांत्रिकीचे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, म्हणजे सीईटी सेल, राबवतो. प्रत्येक वर्षाची मंजूर प्रवेशक्षमता वेगळी, गुणवत्ता यादी वेगळी आणि फेऱ्याही वेगळ्या असतात. या वर्षीच्या यादीतून मिळालेली जागा पुढच्या वर्षासाठी राखून ठेवायची म्हटले, तर पुढच्या वर्षी परीक्षा देणाऱ्या कोणाची तरी जागा आजच अडवल्यासारखे होईल, आणि तसा अधिकार ना प्राचार्यांना आहे ना संस्थेच्या अध्यक्षांना. आपल्या नियमावलीत प्रवेश निश्चित होतो किंवा रद्द होतो. पुढे ढकलण्याचा रकानाच तिच्यात नाही. एमएचटी-सीईटीचे गुणही त्याच वर्षापुरते चालतात, म्हणजे भावाने जागा सोडली तर त्याच्या हातात बारावीचे गुण तेवढे राहतील, सीईटी मात्र पुन्हा द्यावी लागेल आणि सगळ्या फेऱ्यांतून पुन्हा जावे लागेल.

इथे माझी एक जुनी चूक सांगितली पाहिजे. एका मुलाच्या वडिलांना अपघात झाला होता आणि जिल्ह्याबाहेरच्या एका महाविद्यालयातील कर्मचाऱ्याने त्यांना फोनवर सांगितले होते, "काय काळजी करू नका, पुढच्या वर्षी या, बसवतो." ते मला विचारायला आले तेव्हा मीही 'ते म्हणालेत तर होईल' असे बोलून गेलो. पुढच्या जूनमध्ये तो कर्मचारी दुसऱ्या विभागात गेलेला होता, मुलाचे नाव कोणत्याच यादीत नव्हते आणि भरलेली फी परत मागण्याची मुदतही उलटून गेली होती. मुलगा नंतर दुसरीकडे शिकला आणि मार्गी लागला. पण त्याचे वडील अजूनही दसरा चौकात भेटले की मला 'सर' म्हणण्याआधी क्षणभर थांबतात, आणि ते का थांबतात हे मला माहीत आहे. तेव्हापासून प्रवेशाच्या कामात तोंडी शब्द मी धरत नाही, मग तो कोणाचाही असो.

भावाचा प्रवेश रद्द करण्याचे ठरलेच, तर कॉलेजला जाणे बंद केले म्हणजे प्रवेश रद्द झाला असे होत नाही. त्याने आपल्या लॉगिनमधून रद्द करण्याचा अर्ज भरायचा, त्याची छापील प्रत सही करून महाविद्यालयात द्यायची आणि पोच घ्यायची. सेलने जाहीर केलेल्या अंतिम तारखेच्या आत हे झाले तर १,००० रुपये वजा होऊन उरलेली फी परत मिळते. ती तारीख चुकली तर अनामत रकमांपलीकडे हाती काही लागत नाही. कॅपमध्ये नसलेल्या अभ्यासक्रमांसाठी, म्हणजे विद्यापीठातील साध्या पदवी व पदव्युत्तर प्रवेशांसाठी, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या परिपत्रकातले कोष्टक उपयोगी पडते: प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेआधी १५ दिवस किंवा त्याहून आधी अर्ज दिल्यास थोडे प्रक्रिया शुल्क वगळून पूर्ण फी, त्यानंतर पण अंतिम तारखेपूर्वी ९० टक्के, अंतिम तारखेनंतरच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे शून्य. पुढे काही वर्षी आयोगाने विद्यार्थ्यांना याहून सवलतीच्या तारखाही दिल्या, तेव्हा चालू वर्षाचे परिपत्रक पाहूनच अर्ज करावा. मूळ प्रमाणपत्रे पडताळून परत द्यायची, अडकवून ठेवायची नाहीत, हेही त्याच नियमांत आहे. काउंटरवर कोणी कुरकुर केली तर त्या परिपत्रकाची प्रत पुढे ठेवावी, आवाज चढवण्याची गरज पडत नाही.

मात्र भावाने जागा सोडावी असे माझे मत नाही, निदान आज तरी नाही. कॅपच्या फेऱ्या संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा संस्था पातळीवर भरल्या जातात. कोल्हापुरात कसबा बावड्यापासून गोकुळ शिरगावपर्यंत अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, सांगलीला रोज ये-जा करणारी मुले आहेत, शिवाजी विद्यापीठाचा स्वतःचा तंत्रज्ञान विभागही आहे. भावाला घरी राहायचे असेल तर त्याने या ठिकाणच्या संस्था पातळीवरील जाहिराती आणि तारखा आजपासून रोज पाहाव्यात. पुण्याची जागा मात्र इथली जागा कागदावर हातात आल्यावरच सोडावी. उलटा क्रम लावलेल्या मुलांना डिसेंबरपर्यंत कुठेच नाव नसलेले मी पाहिले आहे. शाखा बदलावी लागेल, कदाचित पुण्याच्या मानाने नाव कमी असलेले महाविद्यालय घ्यावे लागेल. तो तोटा किती मोठा मानायचा हे त्याने स्वतः ठरवावे.

दुसरा मार्ग पुण्यातच रुजू होण्याचा आहे. कोल्हापूर ते पुणे अंतर सुमारे २३० किलोमीटर आहे. शुक्रवारी रात्री गाडीत बसलेला मुलगा शनिवारी पहाटे स्टँडवर उतरतो आणि दोन दिवस आईजवळ राहून रविवारी रात्री परत जातो, हे दमवणारे आहे, अशक्य नाही. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नये एवढे पथ्य पाळावे, आणि पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या मार्गदर्शक शिक्षकांना घरची परिस्थिती सांगून ठेवावी. परीक्षेच्या तोंडावर सांगितलेली अडचण सबबीसारखी दिसते. पहिले वर्ष पूर्ण झाल्यावर दुसऱ्या वर्षासाठी संस्था बदलण्याची तरतूद आहे, ती रिकाम्या जागांवर अवलंबून असते. आपल्याकडे प्रवेश घेण्याआधी थांबण्यापेक्षा एक वर्ष पुरे करून थांबणे जास्त सुरक्षित असते, ही गोष्ट पालकांना विचित्र वाटते, पण नव्या शैक्षणिक धोरणानंतर ती आणखी खरी झाली आहे. साध्या पदवी अभ्यासक्रमांत पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक (क्रेडिट) आणि त्यासोबत ठरवून दिलेला ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण करून बाहेर पडलेल्या विद्यार्थ्याला प्रमाणपत्र मिळते आणि तीन वर्षांच्या आत परत येण्याची मुभा राहते. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक पेढीत सात वर्षांपर्यंत जमा राहतात.

इतर परीक्षांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या घरांतून येतो. नीटचे गुण त्या वर्षीच्या प्रवेशापुरतेच असतात आणि वैद्यकीयची जागा पुढे नेता येत नाही. जेईई अ‍ॅडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते, आणि एकदा आयआयटीची जागा स्वीकारून हजर झालेल्याला ती परीक्षा पुन्हा देता येत नाही, मग तो पुढे शिको वा न शिको. गेटचे गुण मात्र तीन वर्षे चालतात, त्यामुळे एम.टेक. करणाऱ्यांना एक वर्षाचा खंड फारसा जाचत नाही.

आता तुमचा प्रवेश. इंग्लंडमध्ये पदव्युत्तर प्रवेश देणारे आणि फी घेणारे विद्यापीठ एकच असते, मध्ये सरकारी गुणवत्ता यादी नसते, म्हणून प्रवेश पुढच्या वर्षावर नेणे हे तिथे रोजचे काम आहे. तुम्ही व्हिसाचा अर्ज केलेला नाही ही मोठी जमेची बाजू आहे. विद्यापीठ व्हिसासाठी जे पत्र देते, ज्याला सगळे 'कॅस' म्हणतात, ते एका ठरावीक अभ्यासक्रमाच्या ठरावीक तारखेसाठीच असते, एकदाच वापरता येते आणि सहा महिनेच चालते. ते अजून निघाले नसेल तर मागू नका. निघाले असेल तर ते वापरू नका आणि विद्यापीठाला तसे कळवा. व्हिसा घेऊन मग प्रवेश पुढे ढकलणाऱ्यांना नवे कॅस, नवा अर्ज आणि नवे शुल्क असा सगळा खर्च दुसऱ्यांदा करावा लागतो.

पूर्ण वर्षच हवे आहे का, हेही एकदा डॉक्टरांशी बोलून पाहा. काही विद्यापीठांत काही अभ्यासक्रम जानेवारीतही सुरू होतात. तुमच्या आईचे उपचार आठ-दहा महिन्यांचे असल्याने जानेवारी २०२७ फार लवकर ठरेल असे मला वाटते, पण ज्यांच्या घरी शस्त्रक्रिया आणि दोन-तीन महिन्यांची विश्रांती एवढाच प्रश्न असतो, त्यांनी वर्षभराचा खंड घेण्याआधी जानेवारीची चौकशी जरूर करावी.

विद्यापीठ जागा पुढे नेते. तिच्याभोवतीचे सगळे पुढे नेतेच असे नाही. फी बहुधा नव्या वर्षाच्या दराने घेतली जाते. विद्यापीठाने दिलेली फीमधील सवलत किंवा शिष्यवृत्ती आपोआप पुढच्या वर्षी लागू होत नाही, तिच्याबद्दल वेगळे विचारावे लागते. ब्रिटिश सरकारच्या चेवनिंगसारखी शिष्यवृत्ती तर पुढे ढकलता येतच नाही. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेचा निकाल दोन वर्षे ग्राह्य धरतात. तुम्ही ती परीक्षा नोव्हेंबर २०२५ मध्ये दिली असे लिहिले आहे, म्हणजे सप्टेंबर २०२७ च्या प्रवेशाला तो निकाल चालेल. पण त्यानंतर आणखी चार महिने जरी पुढे सरकलात तरी परीक्षा पुन्हा द्यावी लागेल. व्हिसासाठी दाखवायची रक्कमही तेव्हाच्या दराने दाखवावी लागते. सध्या लंडनबाहेर दरमहा १,१७१ पौंड आणि लंडनमध्ये १,५२९ पौंड, अशी जास्तीत जास्त नऊ महिन्यांची राहण्याची रक्कम आणि उरलेली फी सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, किंवा तेवढ्या कर्जाचे पत्र लागते. व्हिसासाठी लागणारा क्षयरोगाच्या तपासणीचा दाखला सहा महिनेच चालतो, तेव्हा ती तपासणी आत्ता उरकून ठेवण्यात अर्थ नाही.

नियमही दरम्यान बदलतात. गेल्या वर्षी सप्टेंबर २०२५ चा प्रवेश २०२६ वर नेलेला एक मुलगा माझ्याकडे आला होता. इंग्लंडमध्ये पदवीनंतर राहून काम करण्याच्या व्हिसाची मुदत १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर येणार असल्याचे जाहीर झाले, आणि ठरल्या वेळी गेला असता तर २०२६ संपण्यापूर्वी अर्ज करू शकला असता असा हा मुलगा सहा महिन्यांना मुकला. तुमच्या बाबतीत हा फरक पडत नाही, कारण याच सप्टेंबरला गेलात तरी तुमचा अभ्यासक्रम २०२७ मध्येच संपणार आहे.

बँकेत स्वतः जाऊन या. मंजुरीच्या पत्रावर तिची मुदत लिहिलेली असते आणि ती सहसा काही महिन्यांचीच असते. पुढच्या वर्षी नव्या ऑफर लेटरवर मंजुरी पुन्हा घ्यावी लागेल, ती घेताना वडिलांच्या विवरणपत्रांची नवी वर्षे मागतील, आणि आजारपणाच्या वर्षात दुकानाचे उत्पन्न खाली गेलेले असू शकते, हे आत्ताच ध्यानात ठेवावे. कर्जातला एकही पैसा उचलला नसेल तर व्याज सुरू झालेले नाही. डिपॉझिटच कर्जातून भरले असेल तर त्या रकमेवर व्याज चालू आहे. ते भरत राहायचे की तेवढी रक्कम फेडून टाकायची, हे शाखाधिकाऱ्यांना विचारून ठरवा.

आता तुमच्या प्रश्नातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटलेला भाग, म्हणजे कारण किती सांगायचे. आपल्याकडे लोक एक तर 'वैयक्तिक कारणास्तव' असे दोन शब्द लिहून मोकळे होतात, नाहीतर घराची सगळी कहाणी मांडतात. पन्हाळा तालुक्यातील एका मुलाने मला असेच पत्र दाखवायला आणले होते. अडीच पाने होती, सुवाच्य अक्षरात. वडिलांचे मणक्याचे ऑपरेशन, थकलेले ऊसबिल, चुलत्यांशी चाललेला बांधाचा वाद, आजीची तब्येत, आणि लहानपणापासून त्या विद्यापीठात शिकायचे होते हेही. मी पेन्सिल घेतली आणि त्याच्या परवानगीने एकेक ओळ खोडत गेलो. बांध गेला, ऊस गेला, आजी गेली. शेवटी दोघांच्याही लक्षात आले, की अडीच पानांत त्याने कोणत्या महिन्यात यायचे आहे हे कुठेच लिहिले नव्हते. मागणीच राहून गेली होती. तो स्वतःच हसला, मग आम्ही चार वाक्यांचे पत्र लिहिले.

तुमच्या पत्रातही चारच वाक्ये पुरेत. पहिल्यात तुमचे नाव, अर्ज क्रमांक, अभ्यासक्रम आणि सप्टेंबर २०२६ हा महिना. दुसऱ्यात कारण: 'माझ्या कुटुंबातील एका जवळच्या व्यक्तीवर दीर्घ वैद्यकीय उपचार सुरू झाले असून तिची काळजी घेण्याची मुख्य जबाबदारी माझ्यावर आहे.' तिसऱ्यात मागणी: प्रवेश सप्टेंबर २०२७ वर न्यावा. चौथ्यात दोन प्रश्न: भरलेले डिपॉझिट नव्या प्रवेशाकडे वर्ग होईल का, आणि माझ्याकडून आणखी कोणते कागद हवेत. इथे आईचे नाव नाही, आजाराचे नाव नाही, तरी एक शब्दही खोटा नाही. बहुतेक विद्यापीठांना एवढे पुरते, काही तर कारण विचारतही नाहीत, पोर्टलवर फक्त नवा महिना निवडायला सांगतात.

विद्यापीठाने पुरावा मागितलाच, तर सगळी फाईल पाठवू नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून त्यांच्या लेटरहेडवर, सही-शिक्का आणि तारखेसह, 'अमुक रुग्णावर माझ्याकडे उपचार सुरू असून ते साधारण अमुक महिन्यापर्यंत चालतील आणि या काळात घरच्या माणसाची सोबत आवश्यक आहे' एवढेच पत्र इंग्रजीत घ्या. निदान लिहू नये अशी विनंती केली तर डॉक्टर सहसा मान्य करतात. ते पत्र पाठवण्याआधी आईला वाचून दाखवा. आजार तिचा आहे, आणि त्याबद्दल काय लिहिले गेले हे तिला माहीत असावे. मी पाहिलेल्या दोन-तीन घरांत आईला हे सगळ्यात शेवटी कळले आणि तिने 'माझ्यापायी पोरीचं वर्ष गेलं' असे मनाला लावून घेतले. खोटे कारण मात्र देऊ नये, अगदी निरुपद्रवी वाटले तरी. स्वतःच्या आजाराचा दाखला जोडून प्रवेश पुढे नेलेली आणि पुढे व्हिसाच्या वेळी त्याच कागदावरून प्रश्नांत अडकलेली मुले मला माहीत आहेत.

पत्र तुमच्या नोंदवलेल्या ईमेलवरूनच जाऊ द्या. तुम्ही एजंटामार्फत अर्ज केला असेल तर अर्जावर कोणाचा ईमेल आहे हे आधी तपासा. एजंटाचे पैसे विद्यार्थी प्रत्यक्ष रुजू झाल्यावर त्याला मिळतात, त्यामुळे 'आत्ता जा, तिकडून बघू' असा सल्ला तिथून आला तर तो कोणाच्या सोयीचा आहे, हे लक्षात घेऊनच ऐकावा. सगळेच तसे नसतात, हेही खरे.

उत्तर लेखी यायला हवे आणि त्यात मुदत असायला हवी. या बाबतीत मला नेहमी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट आठवते. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये त्यांना लंडनमधील शिक्षण अर्धवट सोडून परतावे लागले, पण निघताना त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू ठेवण्याची परवानगी घेतली होती. मुंबईत प्राध्यापकी करून साठवलेले पैसे आणि राजर्षी शाहू महाराजांसह इतरांचे साहाय्य यांच्या बळावर ते १९२० मध्ये, म्हणजे मुदतीच्या आत, पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली माणगावची परिषद त्याच १९२० च्या मार्चमधली, आपल्या जिल्ह्यातली. घरी परतण्याची घाई असतानाही त्यांनी ती परवानगी मागून घेतली होती, आणि ती नसती तर पैसे जमूनही लंडनची वाट नव्याने शोधावी लागली असती.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगतो. तुम्ही थांबायचे आणि भावाने शिकायला जायचे असा सल्ला मी दिला, तो तुमचा प्रवेश पुढे नेता येतो आणि त्याचा येत नाही एवढ्यासाठीच. उलटे असते तर त्याला थांबा म्हटले असते. हे मुद्दाम लिहितो, कारण मुलीने घरी थांबायचे हे आपल्याकडे पुष्कळदा न बोलताच ठरते, आणि एक वर्ष थांबलेल्या मुलीला मार्चमध्ये 'आता एवढं थांबलीसच, तर स्थळं बघू' असे ऐकावे लागते. दुसऱ्यांदा प्रवेश पुढे न्यायला विद्यापीठे सहसा तयार होत नाहीत. पुन्हा अर्ज करा म्हणतात. म्हणून सप्टेंबर २०२७ ला जायचे आहे, हे वडिलांशी आणि भावाशी आत्ताच स्पष्ट बोलून ठेवा. भावाने कोल्हापुरात किंवा सांगलीत जागा घेतली तर तुमच्यावरचा बराच भार हलका होईल, हाही त्याच्या निर्णयातला एक मुद्दा असू दे.

खंडाची फार चिंता करू नये. पुढे कोणी विचारले तर दाखवायला डॉक्टरांचे पत्र आणि विद्यापीठाचे प्रवेश पुढे नेल्याचे पत्र एवढे जपून ठेवा. नोकरी सोडण्याआधी अर्धवेळ किंवा घरून काम मिळते का, हे एकदा विचारून पाहा. बँकेलाही पुढच्या वर्षी ते बरे दिसते. भावाला जर खरोखरच वर्ष गमवावे लागले, तर त्याला पुढच्या वर्षी गॅपचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागेल, आणि ईडब्ल्यूएस किंवा नॉन क्रिमी लेअरसारखा दाखला असेल तर त्याची मुदत तपासून तो नव्याने काढावा लागेल.

विद्यापीठाचे उत्तर आले की त्यात तीन गोष्टी शोधा: नवा महिना, डिपॉझिट वर्ग झाल्याचा उल्लेख, आणि पुढच्या वर्षी 'मी येणार आहे' असे पुन्हा कळवण्याची अंतिम तारीख. तिसरी गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते आणि ती तारीख न पाळल्यास मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. ती त्या पत्रात नसेल तर त्याच दिवशी उलट विचारून घ्या, आणि नव्या वर्षाचे कालनिर्णय घरात आले की सिलिंडरच्या आणि आईच्या औषधांच्या नोंदींशेजारी त्या महिन्याच्या पानावर लिहून टाका.